रायगडावर पडलेले गोळे गेले कुठे?

पाचाडला उतरून रायगडाकडे निघालेल्या बहुतेकांना १८१८ सालच्या वेढ्याची कथा ठाऊक असते. कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडाला वेढा घातला, समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून उखळी तोफा धडाडू लागल्या, राजवाड्याने पेट घेतला आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. गडावर तेव्हा दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई होत्या. शिबंदीत अरबांचा भरणा होता. इथवरची हकीकत गडावरचा कोणताही वाटाड्या सांगेल. या धाग्यात त्यापुढचा, सहसा कोणी न विचारलेला प्रश्न घ्यायचा आहे. इतके दिवस जे गोळे गडावर येऊन पडले, ते गेले कुठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्याच्या उत्तरात धातुविद्या आहे, अर्थकारण आहे, आणि पाठीवर पिशवी टाकून गड चढणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या वागणुकीचाही विषय आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

प्रथम प्रमाणाचा अंदाज घेऊ. त्याच मोहिमेत, रायगडाच्या दोन महिने आधी, जनरल प्रिट्झलरने सिंहगडाला वेढा घातला होता. २ मार्च १८१८ रोजी सिंहगड पडला, तोवर इंग्रजांनी १,४१७ कुलपी गोळे आणि अठरा पौंडी तोफांचे २,२८१ भरीव गोळे झाडले होते. हा आकडा पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेला आहे. नुसत्या भरीव गोळ्यांचा हिशोब केला तरी वजन साडेअठरा टनांच्या घरात जाते. एका गडावर, दहा-बारा दिवसांत, साडेअठरा टन लोखंड! आज सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्या हजारोंपैकी कितीजणांच्या पायाला त्यातला एक गोळा लागला असेल?

या दोन प्रकारांतला भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. भरीव गोळा म्हणजे लोखंडाचा ठोकळा. तो भिंतीवर आदळतो, चिरा फोडतो आणि खाली पडतो, फुटत नाही. कुलपी गोळा आतून पोकळ असतो. त्याच्या भोकातून दारू भरतात, त्यात लाकडी नळीची वात ठोकून बसवतात आणि तो उखळी तोफेतून उंच उडवतात. तोफेच्या जाळानेच वात पेटते, आणि ती किती लांब कापली आहे त्यावर गोळा केव्हा फुटायचा हे ठरते. तटाआड लपलेल्यांच्या डोक्यावर आग टाकण्याचे हे साधन. प्रॉथरने रायगडाआधी कोरीगडही असाच घेतला; १४ मार्च १८१८ रोजी एका गोळ्याने तिथले दारूचे कोठार उडाले आणि गड पडला. महाराष्ट्राला ही विद्या तेव्हा नवी होती असे मात्र नाही. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला असता राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपली उखळी तोफ आणि गोळे घेऊन त्याच्या मदतीला गेला होता. पुढल्याच वर्षी महाराजांनी राजापूर मारून त्या आगळिकीची किंमत वसूल केली.

आता मूळ प्रश्न. आपल्या मनात नकळत आजचे युद्ध असते. गोळी सुटली की संपली, तिची गणना खर्चात. अठराव्या शतकातल्या गोलंदाजाला हा हिशोब पटला नसता. झाडलेला भरीव गोळा त्याच्या दृष्टीने खर्ची पडलेला नव्हता. तो फक्त दुसऱ्या ठिकाणी गेलेला होता. दुसरी बाजू तो उचलून, पुसून, कड्यातून सरकवून व्यास पाहत असे आणि बसला तर परत पाठवत असे.

याचे उत्तम उदाहरण स्पेनमधले आहे. १८१२ च्या शरद ऋतूत वेलिंग्टनने बुर्गोसचा किल्ला वेढला तेव्हा त्याच्याकडे अठरा पौंडी तोफा अवघ्या तीन होत्या आणि गोळ्यांची विलक्षण चणचण होती. फ्रेंच किल्ल्यातून सोळा पौंडी गोळे झाडत होते. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड. म्हणून त्यांचा सोळा पौंडी गोळा भरतो सुमारे पावणेआठ किलो, तर इंग्रजांचा अठरा पौंडी सव्वाआठला थोडा कमी. म्हणजे फ्रेंच गोळा इंग्रजी तोफेत किंचित सैल का होईना, पण बसतो. वेलिंग्टनच्या छावणीत शिपायांना असे गोळे वेचून आणण्याबद्दल बक्षीस मिळू लागले. हाच वेलिंग्टन त्याआधी नऊ वर्षे असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर उभा होता, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नकोच.

आपल्याकडेही दारूगोळ्याला जपण्याची शिस्त होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना कुठे असावा, वस्तीपासून किती निराळा असावा, दारू आणि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन कसे द्यावे आणि पुन्हा मोहरबंद कसे करावे, इथपर्यंत तपशील आहे. माधवराव पेशव्यांच्या काळात ओतूर परगण्यातील आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना होता. जिथे दारूला ऊन देण्याचीही तिथी ठरते, तिथे अंगणात पडलेला शत्रूचा लोखंडी गोळा कोणी तसाच राहू देईल, हे मला तरी संभवत नाही.

पण लोखंडाला एवढे मोल का, हे नीट समजायचे तर पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला गेले पाहिजे. तिथल्या जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड लोक एकोणिसाव्या शतकातही होते. पुढे जंगलावर सरकारी निर्बंध आले, विलायती लोखंड स्वस्त झाले आणि भट्ट्या विझल्या. धावडांची भट्टी लहान, मातीची. तिला हाताने चालवलेल्या भात्याचा वारा. एक शेर लोखंड निघायला त्याच्या कित्येक पट कोळसा जळे, आणि कोळशासाठी त्याच्याही कित्येक पट लाकूड. हा सगळा खटाटोप डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आठ किलोचा तयार गोळा पायाशी येऊन पडणे ही काय चीज होती ते कळेल.

आणि इथेच एक लोकप्रिय कल्पना तपासून घ्यावी लागते. ‘गावच्या लोहारांनी इंग्रजांचे गोळे वितळवून कोयते-नांगर केले’ असे वाक्य अनेक लेखांत दिसते. वाक्य गोड आहे; भट्टीशी मात्र त्याचे जमत नाही.

धावडांच्या भट्टीत लोखंड कधी पाण्यासारखे पातळ होत नसे. लालभडक, मऊ, मळीने भरलेला लगदा निघे. तो हातोड्याने ठोकून मळ काढला की घडीव लोखंड तयार होई. गावचा लोहार, वाटेने फिरणारा घिसाडी, सारे या घडीव लोखंडाचे कारागीर. ते तापते, वाकते, लांबते, जोडता येते. इंग्रजांचे गोळे मात्र ओतीव होते, म्हणजे आपण ज्याला बीड म्हणतो ते. बिडात कोळशाचा अंश फार. ते साच्यात सुरेख ओतता येते, पण ऐरणीवर घेऊन हातोडा मारला तर वाकत नाही, तडकते. गावच्या भात्यावर ते वितळवणेही सोपे नाही, कारण त्याला अकराशे-साडेअकराशे अंश सेल्सियसच्या पुढे सतत आच हवी. कोणत्याही भंगारवाल्याला विचारा, तो आजही बीड आणि लोखंड वेगळे तोलतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या महाडच्या लोहाराला हा फरक पहिल्याच घावात कळला असणार.

तेव्हा रायगडावरच्या बिडी गोळ्याचा कोयता झाला असेल, हे मला पटत नाही. तो तोफेकडे परतला असेल, व्यापाऱ्याच्या गोणीतून एखाद्या मोठ्या भट्टीकडे गेला असेल, किंवा फार तर कुणाच्या परसात वजन म्हणून, दाराला टेकण म्हणून पडून राहिला असेल. जिंकणाऱ्या फौजेलाही त्याची गरज होतीच. एक गड पडला की पुढचा गड वाट पाहत होता, आणि मुंबईहून बैलांच्या पाठीवर नवे गोळे आणण्यापेक्षा पायथ्याचे गोळे वेचणे केव्हाही स्वस्त.

शिशाची गोष्ट नेमकी उलटी. शिसे ३२७ अंशांवर वितळते. स्वयंपाकाच्या चुलीवर, मातीच्या परळात. बंदुकीची चपटी झालेली गोळी उचलायची, वितळवायची, साच्यात ओतायची, की संध्याकाळपर्यंत नवी गोळी तयार. शिवाय हे शिसे इथल्या डोंगरात निघत नसे. ते बरेचसे टोपीकरांच्या जहाजांतून किनाऱ्यावर येई, आणि त्यांच्या पत्रव्यवहारात शिशाच्या मागणीचा विषय वारंवार येतो. म्हणून रणभूमीवरची शिशाची गोळी ही लोखंडी गोळ्यापेक्षाही लवकर नाहीशी होणारी वस्तू. जी मातीत खोल रुतली, तेवढीच उरली.

उरला कुलपी गोळा. फुटला तर त्याच्या कपच्या होतात. त्या धारदार, वेड्यावाकड्या, कुठल्याच तोफेला निरुपयोगी. फुटला नाही तर मात्र तो अख्खा, दारूसकट, जमिनीत बसतो. वात विझली, निसटली, पाण्यात पडली, कारणे अनेक. न फुटणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण त्या काळी नगण्य नव्हते. वेढ्यातल्या धाडसी गोलंदाजाने असा गोळा शोधून, त्याची वात बदलून तो परत झाडणे अशक्य नव्हते. पण दऱ्याखोऱ्यांत, झाडीत, टाक्यांच्या गाळात जे गेले, त्यांना शोधायला कोण उतरणार?

हे सारे जुळवले म्हणजे एक वेगळेच चित्र समोर येते. रायगडच्या परिसरात भरीव गोळे दुर्मीळ असतील, तर ते आपल्या पूर्वजांच्या अनास्थेमुळे नव्हे; ते त्यांच्या काटकसरीमुळे. जे सहज उचलता आले आणि पुन्हा वापरता आले, ते उचलले गेले. मागे राहिले ते कुणाच्याच कामाचे नसलेले: कपच्या, रुतलेल्या गोळ्या, आणि न फुटलेले कुलपी गोळे. दुसऱ्या शब्दांत, आज मातीतून वर येण्याची शक्यता ज्याची अधिक, ती वस्तू नेमकी अधिक धोक्याची असू शकते.

‘पूर्वजांनी काहीच जपले नाही’ अशी खंत समाजमाध्यमांवर फार ऐकू येते. मला ती अन्यायाची वाटते. त्यावर किर्लोस्करवाडीची हकीकत आठवावी. १९१० साली औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना उभारला आणि बिडाचे नांगर ओतायला सुरुवात केली. पहिले महायुद्ध पेटले, कच्चे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी देऊन कारखान्याला हात दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तोफांचे नांगर झाले. लोहाराच्या ऐरणीला जे जमले नसते ते ओतशाळेला जमले.

आज कुणी तसे केले तर आपण रस्त्यावर उतरू, आणि उतरावेच. पण त्या वेळच्या त्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. गडांवर तोफा शेकड्याने पडून होत्या, शेतकऱ्याच्या हातात लाकडी नांगर होता आणि लोखंड नव्हते. जो राजा तोफेपेक्षा नांगराला मोल देतो, त्याला इतिहासाची जाण नव्हती असे कसे म्हणावे? हानी झालीच, कुठल्या तोफेवर कोणता लेख होता, ती कुठे ओतली गेली, हे त्या मुशीत कायमचे विरघळले. तरीही धातू एका गरजेकडून दुसऱ्या गरजेकडे गेला. वापर बदलला, पण वापर होताच.

आज चालते ते याहून निराळे आहे. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या पानांवर ‘शिवकालीन तोफगोळा’ म्हणून गंजलेले लोखंडी गोल सर्रास दिसतात. कुठे सापडला, किती खोल, शेजारी काय होते, यातले काहीही सोबत नसते. घासून, तेल लावून चकाकवलेला एक गोल, आणि दिवाणखान्यातल्या फडताळातली जागा. असा गोळा धातूच्याही उपयोगी पडत नाही आणि ज्ञानाच्याही. यापेक्षा तो वितळवलेला पत्करला, असे मी म्हणेन. निदान नांगर तरी झाला असता.

कारण गोळ्याचे खरे मोल तो जिथे पडला त्या जागेत आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न येथे जून १८७६ मध्ये कस्टर आणि त्याची तुकडी मारली गेली. शंभर वर्षे त्या लढाईवर चित्रे रंगली, पुस्तके निघाली, चित्रपट झाले. १९८३ साली तिथल्या गवताला वणवा लागला, जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक घेऊन ती जमीन पायाखाली घातली. प्रत्येक पुंगळी, प्रत्येक गोळी जिथे सापडली तिथेच नोंदवली. बंदुकीचा खटका काडतुसाच्या बुडावर जो ठसा उमटवतो तो प्रत्येक बंदुकीचा निराळा असतो. एकाच ठशाच्या पुंगळ्या नकाशावर जोडत गेल्यावर एकेक बंदूक लढाईत कुठून कुठे सरकली याची रेघच उमटली. शेवटपर्यंत एकवटून झुंजलेल्या तुकडीच्या चित्राला त्या नकाशाने तडा दिला. हे शक्य झाले, कारण त्या रिकाम्या पुंगळ्या कुणाच्या फडताळात नव्हत्या; जमिनीत होत्या.

रिकाम्या पुंगळीला आजही मोल आहेच, पण ते पितळेचे. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून हा उद्योग चालतो. पोलिसांच्या आणि लष्कराच्या सरावात झाडलेल्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात, त्यामागे जसा चोरीचा धाक आहे तसा धातूचा हिशोबही आहे.

या हिशोबाची काळी बाजू आपल्या राज्यानेच पाहिली आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव आबाजीच्या शिवारात, मुदत संपलेला दारूगोळा निकामी करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. मेलेल्यांत रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. निकामी केलेल्या दारूगोळ्यातून उरणारे पितळ, तांबे, लोखंड यांच्या मोडीवर तिथल्या गरिबांची चूल कशी अवलंबून असते, तेही त्या दिवसांतल्या बातम्यांमधून पुढे आले. जुन्या दारूगोळ्यातली धातू काढून घेण्याचा मोह केवळ छंदिष्टांचा नाही, पोटाचाही आहे. गड चढायला येणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरून पायथ्याच्या माणसाला उपदेश करू नये.

‘पण दोनशे वर्षांपूर्वीच्या दारूत काय उरले असणार?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातल्या सोऱ्यातच असतो; हवा मिळो न मिळो, ठिणगी पुरे. पाणी शिरले तर सोरा विरघळून दारू निकामी होते, हे खरे. पण गंजाने भोक बुजलेल्या, बंद पोकळीत ती कोरडी राहिली तर शतकांनीही ती दारूच असते. २००८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यादवी युद्धाच्या काळातला एक नौदलाचा गोळा स्वच्छ करताना फुटला आणि अनुभवी संग्राहक जागीच ठार झाला. गोळा जवळजवळ दीडशे वर्षांचा होता, आणि त्या गृहस्थाने त्याआधी असे शेकडो गोळे हाताळले होते. घासणे, छिद्र पाडणे, गंज काढायला तापवणे, यातले काहीही जुन्या गोळ्यावर घरी करणे म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी विझलेल्या वातीला दुसरी संधी देणे.

बाहेरून पाहून भरीव कोणता आणि पोकळ कोणता, हे ओळखू येते असा आत्मविश्वास बाळगू नका. भोक गंजाने भरले की दोन्ही सारखेच दिसतात. वजनावरून ओळखता येते, पण वजन करायचे तर उचलावे लागते. आणि उचलायचे नाही हाच तर मुद्दा आहे.

मग पाचाडच्या, हिरकणीवाडीच्या किंवा गडाच्या घेऱ्यातल्या कुठल्याही वाडीतल्या शेतकऱ्याच्या नांगराला गोळा लागला, तर त्याने काय करावे? कायद्याचे उत्तर तयार आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. त्याच कायद्यात सापडणाऱ्याच्या वाट्याचीही तरतूद आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. गड स्वतः भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिथली वस्तू हलवणे हा गुन्हाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यात रायगड आहे.

कायदा कागदावर ठीक, पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. ऐन पेरणीत कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या, पंचनामा व्हायचा, शेत अडकण्याची भीती बाळगायची, आणि हाती काय, तर एक पोचपावती. त्याने गोळा गुपचूप बांधाला टाकला किंवा भंगारात घातला, तर मी त्याला दोष देणार नाही. दोष व्यवस्थेचा आहे. जिजाऊंची समाधी आणि वाडा ज्या गावात आहे, जिथून जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्यासाठी लाखोंची रीघ गडाकडे लागते, त्या गावात अशा सापडीची नोंद करणारी एखादी वही असू नये का? ग्रामपंचायतीत एक नोंदवही, गावातल्याच दोन शिकलेल्या मुलांना जागेची खूण, खोली आणि छायाचित्र कसे टिपायचे याचे शिक्षण, आणि संशयास्पद वस्तू असेल तर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला कळवण्याची ठरलेली रीत. वारशाच्या नावाने होणाऱ्या खर्चात हा खर्च दिसणारसुद्धा नाही.

आपल्यापुरते बोलायचे तर रीत सोपी आहे. गोळा, कपची, पुंगळी, काहीही दिसले तर हात लावू नये. दूर उभे राहून छायाचित्र घ्यावे. आजूबाजूची ओळखीची खूण, तट, वाट, टाके, चौकटीत यावी. भ्रमणध्वनीवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि पोलीस ठाण्याला किंवा गडावरच्या पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्याला कळवावे. समाजमाध्यमांवर जागा जाहीर करू नये. तुमच्यामागून येणारा प्रत्येकजण तुमच्याइतका शहाणा असेलच असे नाही, आणि धातुशोधक घेऊन फिरणाऱ्यांना तर आमंत्रणच मिळते.

काही वर्षांपूर्वी रायगडाच्या उत्खननात सोन्याची बांगडी सापडली तेव्हा वर्तमानपत्रांत मथळे आले. आनंदाचीच गोष्ट होती. पण त्याच मातीत कुलपी गोळ्याची बोटभर कपची सापडली, तर तिचे छायाचित्र कुणी छापणार नाही. आणि वेढ्याच्या अभ्यासाला मात्र ती बांगडीपेक्षा अधिक सांगून जाईल. कपचीला आतून-बाहेरून बाक असतो. तो मोजला की पूर्ण गोळ्याचा व्यास निघतो. इंग्रजांच्या उखळी तोफा साडेपाच, आठ, दहा, तेरा इंच अशा ठरावीक मापांच्या असत. साडेपाच इंची पितळी उखळी मोजकी माणसे डोंगरावर चढवू शकतात. दहा इंचीचा गोळाच चाळीस किलोंच्या आसपास भरतो आणि तिला वर न्यायला वाट तयार करावी लागते. तेव्हा पोटल्याच्या डोंगरावर नेमकी कोणती तोफ होती, ती कोणत्या वाटेने वर गेली असेल, तिथून राजवाडा तिच्या पल्ल्यात येत होता का, की आग लावणारा गोळा दुसऱ्याच मोर्च्यावरून आला, या प्रश्नांची उत्तरे राजवाड्याच्या जोत्यालगत, बाजारपेठेच्या मागे, उतारावरच्या गवतात पडून असलेल्या अशा तुकड्यांच्या बाकात आहेत.